लिफ्टवाल्याचा खडा

मी दात बनवते. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतात, माझ्याकडे तोंड येतच नाही. साच्यातून उतरलेला जबडा येतो. त्याच्यावर मी मेणात दात लावते, घासते, चकाकवते आणि डबीत घालून दवाखान्यात पोचवते. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? कंटाळा कसला आलाय! दिवसभर बोलणाऱ्या तोंडांपेक्षा न बोलणारी परवडली.

हे आधीच सांगितलं, कारण मंडळात मला 'दातवाली' म्हणायचे. तिथे खरं नाव सांगायची पद्धत नव्हती, ज्याचं जे काम तेच त्याचं नाव. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, मंडळाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. घड्याळवाले काका घड्याळं दुरुस्त करायचे. आणि लिफ्टवाला म्हणजे आमचा बारक्या, माझा धाकटा भाऊ. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. मला मंडळात ओढलं ते त्यानेच.

आता मंडळ म्हणजे काय, तेही सांगते. एक जुना छोटा कॉम्प्युटर होता. कंपनीने तो बनवायचं कधीच सोडून दिलं होतं. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, आणि डोकं इतकं लहान की एक नीट पत्र लिहिलं तर पुढचं मावायचं नाही. आम्ही त्याला 'डबा' म्हणायचो. या डब्यासाठी हौसेने प्रोग्राम लिहिणारी आम्ही शे-दीडशे माणसं, कुठकुठल्या गावांतली, इंटरनेटवर एका जागी जमायचो. डब्याला आपली अक्षरं येत नव्हती. घड्याळवाल्यांनी भिंग लावून एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी रचलं, प्रत्येकाला एक आकडा दिला, आणि डबा मराठी लिहायला लागला. त्या दिवशी आम्ही काय आनंद केला होता! आमचे हे म्हणाले, "याने पोट भरतं का?" मी म्हटलं, "दात कोरूनही भरत नाही. तरी माणसं कोरतातच ना?"

मंडळाची एक रीत होती. तिला आम्ही 'खडा' म्हणायचो.

प्रोग्राम लिहिला की त्यात मुद्दाम एक चूक ठेवायची. एकच. ती असेपर्यंत प्रोग्राम धड चालायचा नाही. हेडबाईंच्या प्रोग्राममध्ये बाराचा पाढा मध्येच तेराच्या वाटेला लागायचा. घड्याळवाल्यांचं घड्याळ दुपारपर्यंत शहाण्यासारखं चालायचं आणि मग उलटं फिरायचं. ज्याला तो प्रोग्राम हवा, त्याने ओळ न् ओळ वाचायची, हाताने आपल्या डब्यात उतरवायची. वाचता वाचता कुठेतरी दाताखाली खडा लागायचा. लागला की चारचौघांत बोलायचं नाही. लिहिणाऱ्याला एकट्याला कळवायचं, "खडा लागला," आणि कुठे ते सांगायचं. बरोबर असेल तर त्याने उत्तर द्यायचं, "आत या." बस, तिथून ओळख. कोण कुठला, घरी कोण, गुडघे कसे आहेत. एक लग्नसुद्धा जमलं यातून, आणि टिकलंही.

तुम्ही म्हणाल, सरळ चांगला प्रोग्राम द्यायला काय झालं होतं? अहो, सरळ दिला असता तर लोक घेऊन गेले असते. खडा होता म्हणून थांबायचे.

मंडळात एक फळी होती, सगळ्या प्रोग्रामची यादी म्हणा ना. ज्याचा खडा अजून कुणाला लागलेला नाही, त्याच्या नावापुढे हिरवी टिकली आणि दोन शब्द दिसायचे: वाट पाहतोय. बाई असेल तर, वाट पाहतेय. खरा खडा सापडला की टिकली जायची. आणि हेडबाईंचा एक नियम कडक होता. खडा कुणालाही सापडण्यासारखा हवा. घरच्याच माणसाला कळेल, मित्रालाच कळेल, असला चोरटा खडा चालायचा नाही. एकदा एकाने स्वतःच्या वाढदिवसाची तारीख चुकवून ठेवली होती, तर बाईंनी त्याला सगळ्यांसमोर असा झाडला की बिचारा महिनाभर फिरकला नाही.

बारक्या अचानक गेला. छातीत जड वाटतंय म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. जायच्या आधीच्याच आठवड्यात त्याने फळीवर एक प्रोग्राम ठेवला होता. नाव, 'निजानीज'.

आठवडाभर मी तो उघडला नाही. मग बारक्याच्याच डब्यावर उघडला. स्क्रीनवर हिरव्या रेघांनी काढलेलं एक घर आलं. मधून बोळ, बोळाला लागून खोल्या, प्रत्येक खोलीत दिव्याचा एक चौकोन. आणि एक ठिपका. ठिपक्याने पुढच्या दाराला कडी लावली. स्वयंपाकघरात गेला, दिवा विझला. आई-बाबांच्या खोलीत गेला, दिवा विझला.

ते आमचं जुनं घर होतं. आणि तो ठिपका बारक्या होता.

लहानपणी घरातले दिवे मालवायचं काम त्याचं. मी मोठी, आणि अंधाराला भिणारी मीच. ताईगिरी दिवसा. रात्री माझ्या खोलीतला दिवा सगळ्यांत शेवटी जायचा. तो पलीकडून विचारायचा, "ताई, झोपलीस?" मी म्हणायचे, "हो." झोपलेलं माणूस कधी हो म्हणतं का? पण आमचा तो रोजचा खेळ होता. मी हो म्हटलं की तो फिदीफिदी हसायचा आणि आपल्या खाटेजवळच्या बटणाने माझा दिवा घालवायचा. मी म्हणायचे, "मेल्या, हसतोस काय?" फारच भीती वाटली तर मी "नाही" म्हणायचे. मग काही न बोलता उठून यायचा आणि माझ्या उंबऱ्यावर बसून राहायचा. सकाळी उठून बघावं तर तिथेच, भिंतीला डोकं टेकून झोपलेला.

तर ठिपका आईच्या खोलीतून बाहेर आला आणि माझ्या खोलीकडे वळला. मी बटण बंद केलं. पुढचं बघायची माझी छाती झाली नाही.

फळीवर मात्र रोज जायचे. सकाळी मेण तापेपर्यंत फोन उघडायचा आणि बघायचं. 'लिफ्टवाला: वाट पाहतोय.' आहे. मग कामाला लागायचं. मंडळातल्या सगळ्यांनी त्याचा खडा शोधला, कुणालाही लागला नाही. हेडबाईंना नाही, घड्याळवाल्यांनाही नाही. आठवड्याचं महिन्यांवर गेलं, महिन्यांचं वर्षांवर. लोक हळहळायचे. मी वरवर हळहळायचे आणि आतून सुटकेचा श्वास टाकायचे. मी तो खडा शोधत नव्हते. तो कुणालाही लागूच नये, असं मला वाटत होतं. खडा लागला की टिकली जाणार. जगात बारक्याबद्दल 'आहे' असं म्हणणारी तेवढी एकच जागा उरली होती.

आणि मग लोंढा आला.

कुणा एका प्रसिद्ध माणसाने आमच्या डब्यावर व्हिडिओ केला. 'किती गोड आहे बघा!' गोड! बघता बघता मंडळात माणसंच माणसं झाली. पहिल्या दिवसांत आम्ही हुरळलो, खोटं कशाला बोलू? हेडबाईंनी स्वागताचं भाषण लिहिलं. ते कुणी वाचलं नाही. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा: "हे चालत का नाही?" खालोखाल दुसरा, "चालत नाही." तिसरा, "इथले सगळे प्रोग्राम बिघडलेले आहेत, वेळ घालवू नका." हेडबाई प्रत्येकाला समजावायच्या, खडा म्हणजे काय, रीत काय. मास्तरकी अंगात मुरलेली, दमायच्या नाहीत. पण एकाला समजावून होईतो शंभर नवीन यायचे. शंभर जणांना रीत सांगता येते हो. बाजाराला कशी सांगणार?

वाईट नव्हते ते. सरळ सांगायचं तर बरेचसे आमच्यापेक्षा हुशार होते. पण त्यांना आत यायचं नव्हतं, नुसतं घेऊन जायचं होतं. त्यांनी खडे शोधायला यंत्रं लावली. जो खडा शोधायला आम्ही तीन-तीन रविवार घालवायचो, तो यंत्र चहा निवायच्या आत काढायचं. काढला की जाहीर. "यात चूक होती, नीट केली, इथून घ्या." लिहिणाऱ्याला कुणी कळवत नव्हतं. फळीवरच्या टिकल्या भराभर जायला लागल्या. "आत या" म्हणायची वेळच कुणावर आली नाही.

जुनी माणसं गेली ती भांडून नाही गेली. एकेक करून बोलायची थांबली. घड्याळवाले काका तेवढे सांगून गेले. त्यांनी शेवटचं लिहिलं, "माझा खडा आता कुणाच्या दाताला लागत नाही. सगळे न चावताच गिळतात. येतो." मी दात बनवणारी बाई. मला ते वाक्य असं लागलं की त्या दिवशी माझ्या हातून दोन दाढा उलट्या बसल्या.

मग 'साफ संग्रह' निघाला. आमचे सगळे प्रोग्राम, खडे काढून, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतील असे, एका गठ्ठ्यात. तो करणाऱ्याने स्वतःचं नाव घेतलं होतं 'लख्ख'. नावातच सगळं आलं. बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. पण फार अदबीने बोलायचं प्रकरण. राग यावा इतक्या अदबीने.

संग्रहात काय काय आहे ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर आधीच कळलं असतं. मला ते कळलं दवाखान्यात.

कवळीची डबी द्यायला गेले होते. डॉक्टर आत होते, म्हणून बाहेर बाकावर बसले. टेबलाशी बसणारी मुलगी फोनवर कुणाला तरी वेळ देत होती आणि तिचा स्क्रीन माझ्याकडे वळलेला होता. त्यावर हिरव्या रेघांचं घर. ठिपक्याने कडी लावली. स्वयंपाकघरातला दिवा गेला, आई-बाबांचा गेला. माझ्या खोलीतला गेला. घर काळं झालं. ठिपका बोळात आला, चार पावलं चालला, आणि दिसेनासा झाला. निघून गेला नाही, कुठे पोचलाही नाही. बोळाच्या मध्यावर होता, आणि मग नव्हता. थोड्या वेळाने घर पुन्हा उजळलं आणि तो पुन्हा कडी लावायला आला.

"छान आहे ना?" मुलगी म्हणाली. "काम नसलं की लावून ठेवते. बघत बसलं की बरं वाटतं."

मी म्हटलं, "हा... हा जातो कुठे?"

"कोण?"

"हा चालणारा."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. "कुठे नाही. संपतं तिथे."

मी डबी टेबलावर ठेवली आणि सही न घेताच बाहेर पडले. रस्त्यात मला रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत. हसतील त्याचे दात दिसतील. माझ्या भावाला कुणीतरी बोळात मधेच पुसून टाकला होता, आणि आता गावोगाव, दवाखान्यात, दुकानात, कुणाकुणाच्या टेबलावर तो रोज कडी लावत होता आणि रोज पुसला जात होता.

घरी येऊन मी त्या लख्खला काय काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' हे त्यातलं सर्वांत सौम्य. उत्तर लगेच आलं. "मॅडम, मला माफ करा. मी प्रोग्राम दुरुस्तच केला. तिसऱ्या खोलीतला दिवा विझत नव्हता. ठिपका थांबत नव्हता, कायम फिरत राहायचा. आणि शेवटच्या काही ओळींवर प्रोग्राम कधी पोचतच नव्हता. अशांना मेलेल्या ओळी म्हणतात, म्हणून काढल्या. मूळ चूक कोणती ते यंत्रालाही नक्की सांगता आलं नाही, पण आता तो नीट संपतो."

नीट संपतो! मी फोन आपटला. पण आपटताना एक गोष्ट डोक्यात घुसली ती निघेना. बारक्याने शेवटी काही ओळी लिहिल्या होत्या. आणि त्यांच्यापर्यंत कुणीच पोचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात हेडबाईंचा फोन आला. बाई फोन करत नाहीत कधी. आवाज इतका खाली गेलेला की मी आधी ओळखलंच नाही.

"अगं दातवाली, ऐक. मंडळ आता माझ्याकडे नाही. माझ्याने होत नाही गं. नव्या मंडळींनी नवी जागा केलीय, सगळं तिकडे हलवणार आहेत. महिनाअखेर ही जागा बंद."

"आणि फळी?"

"फळी नाही तिकडे. टिकल्या नाहीत. साफ संग्रहातलं जसं आहे तसं जाणार."

"बाई, त्यांनी बारक्याला पुसलाय!" मी ओरडले. आमचे हे बाहेरून धावत आले.

"मी बघितलं," बाई म्हणाल्या. "भांडले मी. माझं एवढंच ऐकलं त्यांनी, की ज्याचा खरा खडा कुणी दाखवून देईल, त्याचा प्रोग्राम मूळ आहे तसा नेऊ, फक्त खडा काढून. बाकी एक ओळ हलवणार नाहीत. पण खडा दाखवायला हवा. नाहीतर तोच जाईल, लख्खने केलेला." मग म्हणाल्या, "मला नाही लागला तो. मी मूर्ख आहे असं नाही वाटत मला. तू त्याची बहीण आहेस. बघ."

माझ्याकडे मूळ प्रत होती, बारक्याच्या डब्यात सुखरूप. आमचे हे म्हणाले, "मग एवढं काय? आपल्याकडे आहे ना?" मी म्हटलं, "अहो, घरात फोटो आहे म्हणून बाहेर कुणी माणसाच्या तोंडाला काळं फासलं तर चालतं का?" तेव्हा त्यांना पटलं. चांगले आहेत ते, फक्त उशिरा कळतं.

तर अशी गत झाली माझी. खडा शोधला तर टिकली जाणार. नाही शोधला तरी जाणार, आणि वर बारक्या बोळात पुसला जाणार, कायमचा. कसंही केलं तरी माझ्या हातून तो सुटणारच होता. फक्त कसा, तेवढं माझ्या हातात होतं.

रविवारी दुपारी यांना बहिणीकडे पाठवून दिलं. माझा डबा टेबलावर घेतला. मंडळाची जुनी पद्धत, प्रोग्राम कागदावर छापून घ्यायचा, बोटाने वाचायचा आणि हाताने उतरवायचा. ओळ न् ओळ उतरवली. हात दातांवर चालतो तसा चालत होता, डोकं लांब कुठेतरी होतं. शेवटच्या ओळी आल्या, नुसते आकडे, घड्याळवाल्यांच्या अक्षरांचे. त्यांचा अर्थ लावत बसले नाही. मुकाट्याने उतरवले. मग बटण दाबलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत.

कडी. स्वयंपाकघर. आई-बाबा. मग ठिपका माझ्या खोलीत आला. सरळ पलीकडच्या भिंतीपाशी गेला आणि थांबला. दिवा तसाच. ठिपका भिंतीशी उभाच राहिला. मग मागे फिरला, बोळात आला, शेवटपर्यंत चालला, परत आला, पुन्हा माझ्या खोलीत, पुन्हा त्याच भिंतीशी. उभा. पुन्हा मागे.

किती वेळ बघत होते कोण जाणे. चहा समोर गार झाला. माझ्या मनात एकच, हा असा का उभा राहतोय? तिथे काय आहे? भिंतीला नाक लावून काय उभा राहतोस, मेल्या?

आणि एकदम मला ते दिसलं. तिथे दार होतं.

बारक्याच्या खोलीला बोळातून वाट नव्हती. मुळात ती खोली नव्हतीच, अडगळ होती. तो झाल्यावर बाबांनी ती रिकामी केली आणि माझ्या खोलीतून दार पाडलं. झोपायला जायचं तर त्याला माझ्याच खोलीतून जावं लागायचं. म्हणून तर माझा दिवा शेवटचा. मी बोटाने कागदावर वर सरकले. खोल्यांच्या ओळी होत्या, कुठली खोली कुठे उघडते त्या. पहिली बोळात, दुसरी बोळात, तिसरी बोळात. चौथी बाहेर, परसात.

कुणाला चूक वाटणार ती? परसात उघडणारी खोली म्हणजे कोळशाची, लाकडाची, सामानाची. प्रत्येक घरात असते. हेडबाईंनी ती ओळ वाचून सोडून दिली असणार, यंत्राने सोडून दिली, जगातल्या कुणीही सोडून दिली असती. ती चूक आहे हे कळायला त्या घरात राहिलेलं असायला हवं. आई गेली, बाबा गेले. राहिलेलं एकच माणूस उरलं होतं.

नियम मोडला होता त्याने. मंडळाचा सगळ्यांत कडक नियम. सगळ्यांसमोर फळीवर ठेवून त्याने खडा फक्त माझ्यासाठी ठेवला होता. आणि मी इतकी वर्षं रोज सकाळी येऊन बघत होते, तो वाट पाहतोय का. आणि तो माझ्याच खोलीत, भिंतीशी उभा राहून, झोपायला जागा शोधत होता. कुणाची वाट बघतोय हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी टेबलावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. बारक्या, अरे किती दमला असशील.

मग तोंड धुतलं. एक आकडा बदलला. चौथी खोली, तिसरीत. बटण दाबलं.

कडी. स्वयंपाकघर. आई-बाबा. ठिपका माझ्या खोलीत आला, भिंतीशी गेला, आणि या वेळी न थांबता आत गेला. आत जाऊन कोपऱ्यात, जिथे त्याची खाट होती तिथे स्थिर झाला. आणि खाली हिरव्या अक्षरांत, घड्याळवाल्यांच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, एक ओळ आली.

ताई, झोपलीस?

पुढे हिरवी रेघ लुकलुकत होती. उत्तर मागत होती.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. भर दुपार होती. मी 'ना' लिहिलं. 'ना' लिहून थांबले. 'नाही' लिहिलं तर तो येईल. येईल आणि उंबऱ्यावर बसेल. मला तेच तर हवं होतं, इतकी वर्षं दुसरं काय हवं होतं मला? पण तो आत्ता कुठे जाऊन पडला होता. मी 'ना' पुसलं.

'हो,' मी लिहिलं. खोटं. नेहमीसारखं.

माझ्या खोलीतला दिवा गेला. स्क्रीन काळा झाला. पूर्वी हो म्हटलं की पलीकडून त्याचं फिदीफिदी हसणं यायचं. मी कान देऊन बसले होते, वेड्यासारखी.

संध्याकाळी हेडबाईंना कळवलं, खडा चौथ्या खोलीच्या दारात आहे. बाईंनी ती ओळ काढून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "असला खडा चालत नाही आपल्यात." मी म्हटलं, "माहितीये, बाई." "झाडला असता मी त्याला," बाई म्हणाल्या. फळीवरची टिकली त्यांनी त्यांच्या हाताने काढली. सकाळी मेण तापताना मी सवयीने फोन उघडला. 'लिफ्टवाला.' पुढे काही नाही. महिनाअखेरीला तेही गेलं. मंडळ संपलं.

नव्या जागेवर बारक्याचा प्रोग्राम मूळ आहे तसा गेला, दाराचा आकडा बदलून. मी तिकडे जात नव्हते. काय बघायला जायचं? पण एक दिवस माझ्या नावावर मेसेज आला. लख्खचा.

"मॅडम, खडा लागला म्हणून लिहीत नाही, तो तुम्हीच काढलात. पण कुठे विचारावं कळेना. मी 'निजानीज' चालवला. तो विचारतो ना, झोपलीस का, तिथे बरेच जण 'हो' लिहितात. मी 'नाही' लिहिलं. ठिपका उठून बाहेर आला आणि उंबऱ्यावर बसला. दिवा चालूच आहे. प्रोग्राम संपत नाही. बंद करायला गेलो, हात होईना. तीन दिवस तसाच चालू आहे. तो तिथे बसल्यावर मला झोप लागते. मॅडम, हा कोण होता?"

मी ते परत परत वाचलं. दोनदा डोळे पुसले. राग कुठे गेला होता कुणास ठाऊक, शोधूनही सापडला नाही. पहिल्यांदाच त्यांच्यातलं कुणीतरी दाराशी थांबून विचारत होतं.

"आत या," मी लिहिलं. आणि सांगायला बसले. जुनं घर, अडगळीची खोली, दिवे, मी मोठी आणि भित्री. तो पोरगा उत्तरं देत राहिला. पोरगाच होता, घर सोडून नोकरीसाठी परक्या गावात एकटा राहणारा. मग त्यानेच सांगितलं की तो एकटा नाही. नव्या जागेवर पुष्कळ जणांनी 'नाही' लिहून ठेवलंय आणि कॉम्प्युटर बंदच करत नाहीत. रात्रभर चालू ठेवतात. दवाखान्यातल्या त्या मुलीच्या टेबलावरही परवा पाहिलं मी. घर काळं, एकच दिवा, आणि उंबऱ्यावर तो.

किती घरांत, किती उंबऱ्यांवर तो आत्ता जागा बसलाय, देव जाणे. ना त्यांची ओळख, ना नातं. हाकेला उठून यायची खोड जायची नाही त्याची.

बारक्या, मेल्या, झोप की रे आता.